उपग्रहीय मार्गनिर्देशन : अडथळ्यांची कसोटी

उपग्रहांवर आधारित मार्गनिर्देशन ही आज रस्ता दाखविणारी सोय एवढीच राहिलेली नाही. विमाने, जहाजे, मच्छीमारांच्या नौका व आपत्कालीन वाहने तिच्यावर विसंबून असतात. दूरसंचार व वीजवहन यांच्या जाळ्यांनाही अचूक वेळ बहुधा याच उपग्रहांकडून मिळते. अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या जागतिक प्रणाली होत. भारताची नाविक व जपानची क्यूझेडएसएस या प्रादेशिक प्रणाली आहेत. या प्रणालींची अचूकता किती, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. तितकाच महत्त्वाचा प्रश्न असा की, संदेशात कोणी अडथळा आणला तर यंत्र काय करते? या प्रश्नाचे उत्तर केवळ चाचणीतूनच मिळू शकते.

संदेश दुर्बल का असतो?

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. उपग्रहावरील आण्विक घड्याळाची वेळ रेडिओलहरींतून प्रक्षेपित होते. ती जमिनीवर पोहोचण्यास लागलेल्या कालावधीवरून रिसीव्हर अंतर काढतो आणि किमान चार उपग्रहांच्या आधारे आपले स्थान व वेळ निश्चित करतो. वेळेत एका सेकंदाच्या दहालक्षांश भागाइतकी चूक झाली तरी अंतरात सुमारे 300 मीटरचा फरक पडतो.

एवढ्या दूरवरून आलेला संदेश अत्यंत क्षीण झालेला असतो. एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यांपैकी जेमतेम एक-दोन भागांइतकीच त्याची शक्ती उरते. त्यामुळे जवळपासचा अगदी लहान प्रक्षेपकही त्याला सहज झाकून टाकतो.

जॅमिंग आणि स्पूफिंग

अडथळ्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्याच वारंवारतेवर गोंगाट सोडून मूळ संदेश दाबून टाकणे म्हणजे जॅमिंग. खऱ्या संदेशासारखाच बनावट संदेश पाठवून रिसीव्हरला चुकीचे स्थान किंवा चुकीची वेळ दाखविण्यास भाग पाडणे म्हणजे स्पूफिंग. पहिल्या प्रकारात यंत्र बहुधा मुके होते. दुसऱ्या प्रकारात ते खोटे बोलू लागते आणि वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. काही वेळा हेतू नसतानाही, सदोष विद्युत उपकरणांमुळे, अडथळा निर्माण होतो.

चाचणीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी प्रयोगशाळेतील. सिम्युलेटर नावाचे उपकरण उपग्रहांचे संदेश कृत्रिमरीत्या तयार करते. ते तारेद्वारे थेट रिसीव्हरला दिले जातात व त्यांत अडथळा हळूहळू वाढविला जातो. बाहेर काहीच प्रक्षेपित होत नसल्याने ही पद्धत सुरक्षित असते आणि तोच प्रसंग हवा तितक्या वेळा घडविता येतो. मात्र तिच्यात अँटेनाची परीक्षा होत नाही. त्यासाठी रेडिओलहरी शोषून घेणाऱ्या भिंतींच्या बंदिस्त कक्षात दुसरी चाचणी घेतात. तिसरी चाचणी खुल्या मैदानात किंवा समुद्रावर होते. तीत प्रत्यक्ष प्रक्षेपण होत असल्याने सरकारी परवानगी, निर्जन परिसर आणि वैमानिक व नाविक यांना आगाऊ सूचना या बाबी अनिवार्य ठरतात.

खुल्या चाचणीचे महत्त्व ब्रिटनमधील एका प्रयोगाने स्पष्ट झाले. 2008 मध्ये तेथील दीपगृह प्राधिकरणांनी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील फ्लॅम्बरो हेड येथे सुमारे दीड वॅट शक्तीचा जॅमर बसविला आणि ‘पोल स्टार’ हे जहाज त्याच्या क्षेत्रातून नेले. अडथळा तीव्र असताना रिसीव्हर बंद पडले, हे अपेक्षितच होते. परंतु क्षेत्राच्या सीमेवर, जेथे अडथळा मध्यम होता, तेथे काही यंत्रांनी जहाजाचे स्थान व वेग चुकीचे दाखविले. जहाजाची ओळख कळविणारी व संकटसंदेश पाठविणारी उपकरणेही जीपीएसवरच अवलंबून असल्याने एकाच अडथळ्याने अनेक यंत्रणा एकदम बाधित झाल्या. जमिनीवरील केंद्रांतून संदेश घेणारी ई-लोरान ही प्रणाली मात्र चालू राहिली.

नॉर्वेतील अँडोया बेटावर ब्लाइक गावाच्या परिसरात 2022 पासून ‘जॅमरटेस्ट’ या नावाने अशा चाचण्या घेण्यात आल्या असून, विविध देशांतील उत्पादक व संशोधक तेथे आपली यंत्रे तपासण्यासाठी आणतात. अडथळा कितपत सहन होतो, धोक्याचा इशारा वेळीच मिळतो का आणि अडथळा थांबल्यावर यंत्र किती वेळात पूर्ववत होते, या गोष्टी अशा चाचण्यांत तपासल्या जातात.

भारताच्या दृष्टीने

हा विषय भारतासाठी केवळ सैद्धांतिक नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये याबाबत मार्गदर्शक परिपत्रक काढले. दिल्ली विमानतळाच्या परिसरात उपग्रहाधारित पद्धतीने उतरणाऱ्या काही विमानांना स्पूफिंगचा अनुभव आल्याची माहिती सरकारने डिसेंबर 2025 मध्ये संसदेत दिली. पारंपरिक भूस्थित साधने उपलब्ध असलेल्या इतर धावपट्ट्यांवरील वाहतुकीवर त्याचा परिणाम झाला नाही, असेही त्यात स्पष्ट करण्यात आले. सरकारच्या विशेष परवानगीखेरीज जॅमर वापरणे भारतात बेकायदेशीर आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विकसित केलेली ‘गगन’ ही यंत्रणा जीपीएसच्या संदेशातील त्रुटी दुरुस्त करते व त्याच्या विश्वासार्हतेची माहिती देते. पण मूळ संदेशच दाबला गेला, तर दुरुस्ती कशाची करणार? ‘नाविक’ ही मात्र स्वतंत्र प्रणाली आहे. ती 1176.45 मेगाहर्ट्झ व 2492.028 मेगाहर्ट्झ अशा दोन दूरच्या वारंवारतांवर संदेश देते. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 उपग्रहापासून तीत 1575.42 मेगाहर्ट्झ या तिसऱ्या वारंवारतेची भर पडली. एका पट्ट्यातील अडथळा दुसऱ्या पट्ट्यास आपोआप बाधत नाही, हा अनेक वारंवारतांचा लाभ होय.

उपायांची दिशा

कोणताही एक उपाय पुरेसा नाही. अडथळ्याच्या दिशेने आपली ग्रहणक्षमता कमी करणारे अँटेना जॅमिंगची तीव्रता घटवितात. संदेशाच्या खरेपणाची खूण पटविणारी सेवा गॅलिलिओने जुलै 2025 मध्ये अधिकृतपणे सुरू केली. ती स्पूफिंग ओळखण्यास साहाय्यभूत ठरते. बाह्य संदेशाविना गती व दिशा मोजणारी जडत्वाधारित साधने काही काळ मार्ग दाखवू शकतात, तर भूस्थित केंद्रे अखेरचा आधार असतात. यांपैकी कोणता उपाय कोठे पुरेसा पडतो, हे चाचणीशिवाय ठरविता येत नाही. स्थान सांगता येत नसेल, तर ‘सांगता येत नाही’ असे स्पष्टपणे कळविणारे यंत्र हे आत्मविश्वासाने चुकीचे स्थान दाखविणाऱ्या यंत्रापेक्षा अधिक सुरक्षित असते. अडथळ्यांच्या कसोटीत प्रामुख्याने हाच गुण पारखला गेला पाहिजे.