वर्सोव्याची लाट : कळणं आणि कळवणं

त्सुनामी म्हटलं की आपल्याला 2004 सालचं नागपट्टिनम आठवतं. अंधेरीच्या पश्चिमेचं वर्सोवा आठवत नाही. 28 नोव्हेंबर 1945 रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्यापाशी, आजच्या पाकिस्तानातल्या पसनीजवळ, 8.1 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळी सव्वाआठच्या सुमारास साधारण दोन मीटरची लाट मुंबईला पोचली. वर्सोव्यात पाच आणि हाजीअलीला सहा माणसं गेल्याची नोंद आहे. जुहू-दांड्याच्या होड्या दोर तुटून वाहून गेल्या.

मधे साडेचार तासांहून जास्त वेळ होता. तो का मिळाला? त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोलीवर ती ताशी सुमारे 600 किलोमीटर धावते, पन्नास मीटरवर जेमतेम 80. मुंबईसमोर उथळ समुद्र दूरवर पसरलाय, तिथे ती मंदावते. म्हणजे वेळ होता, ज्ञान नव्हतं.

हे ज्ञान मिळवायचं कसं? न्यायदर्शनातली प्रमाणं इथे उपयोगी पडतात. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती आपण मानतो. भूकंप तिथे त्सुनामी, अशी व्याप्ती मात्र नाही. 11 एप्रिल 2012 ला सुमात्राजवळ 8.6 चा भूकंप झाला. पण तळ मुख्यतः आडवा सरकला, पाणी फारसं उचललं गेलं नाही आणि लाट किरकोळ निघाली. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतलं केंद्र 2007 पासून दोन पायऱ्यांनी चालतं. भूकंपमापकांवरून काही मिनिटांत अनुमान. मग समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक यांच्याकडून प्रत्यक्षाची खात्री.

तिसरं प्रमाण शब्द, आणि मुंबईचं खरं कोडं इथेच आहे. 'जमीन हादरली की उंचावर पळा' हा नियम आपल्याला पुरत नाही. मकरानचा हादरा वर्सोव्यात पायांना जाणवेलच असं नाही. मासळी सुकवणाऱ्या मावशींपाशी उरतो तो फक्त कुणाचा तरी शब्द. न्यायदर्शन म्हणतं, शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा. जो नीट जाणतो आणि जाणलेलं तसंच सांगतो, त्याचा. दोनदा उगाच भोंगा वाजला की हे आप्तपण जातं; एकदा वाजायचा राहिला तर माणसं जातात. म्हणून सूचनेच्या पायऱ्या केल्यात: एकीत फक्त सावध राहायचं, दुसरीत किनारा मोकळा करायचा, तिसरीत वस्ती हलवायची.

तेव्हा यंत्रणा रचताना हैदराबादच्या संगणकाइतकाच विचार कोळीवाड्यातल्या कर्ण्याचा करायला हवा. तो कोण वाजवणार, कुठल्या वाटेनं निघायचं, याची तालीम शांत दिवशीच व्हायला हवी. शब्दावरचा विश्वास लाट येण्याआधीच कमवावा लागतो.