मुरूड ते दाभोळ : दिवसाला एकच ठिकाण

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुरूड-जंजिऱ्यापासून दाभोळपर्यंतचा किनारा पाहिला. सोबत दोन मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेल्या अम्मी. "पळापळ करणार असाल तर मला घरीच राहू द्या," असे त्यांनी आधीच बजावले होते. म्हणून दिवसाला एकच ठिकाण पाहायचे, असे आम्ही ठरवले.

हा किनाराही घाई करू देत नाही. रस्ता खाडीपाशी संपतो आणि फेरीबोटीची वाट पाहावी लागते. आगरदांड्याहून दिघी आणि बागमांडल्याहून वेसवी, असे दोनदा आम्ही गाडीसह पाणी ओलांडले. त्या थांब्यांत मुलांनी मोबाइल बाजूला ठेवून होड्या मोजल्या आणि अम्मींनी निवांत तसबीह पूर्ण केली.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. होडीत चढणे-उतरणे अवघड, म्हणून अम्मी धक्क्यावरच सावलीत बसल्या. किल्ल्यातली कलालबांगडी तोफ मुलांना आवडली; पण त्याहून नवल वाटले ते गोड्या पाण्याच्या तलावांचे. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये पिण्याजोगे! सिद्दींचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही. त्यांचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले.

दिवेआगरला एका वाडीतल्या घरात मुक्काम केला. वाडीत काही पोफळी उंच, तर काही त्यांच्या निम्म्याच. मुलीने कारण विचारले, तेव्हा घरमालकांनी ३ जून २०२० ची हकीकत सांगितली. त्या दिवशी 'निसर्ग' वादळाने एका दुपारीत वडिलोपार्जित वाडी आडवी केली. पोफळीचे रोप लावल्यावर फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालायचे? "पाहुण्यांच्या दोन खोल्यांनी तारले," ते म्हणाले. आमचा एका रात्रीचा बेत होता, तो आम्ही दोन रात्रींचा केला. निघताना त्यांच्याकडूनच नारळ आणि कोकम घेतले. आपण भाडे म्हणून देतो त्या पैशांवर कुणाची तरी वाडी पुन्हा उभी राहते, हे मुलांना तिथे समजले. वर्गात फळ्यावर लिहून ते इतके समजले नसते.

शेवटचा मुक्काम दाभोळ. एकेकाळी इथून जहाजे अरबस्तानाकडे जात, हजचे यात्रेकरूही जात. आता तिथे मासेमारीच्या होड्यांची ये-जा असते. खाडीकाठी आदिलशाही काळातली दगडी शाही मशीद आहे. विजापूरच्या शाहजादीचा हजचा प्रवास इथेच थांबला आणि त्या खर्चातून तिने मशीद बांधली, अशी आख्यायिका सांगतात. अम्मी बराच वेळ अंगणात बसून होत्या. "हजला जाणारे लोक महिनोन्महिने समुद्रावर असायचे आणि आपण चार तासांच्या प्रवासाला कंटाळतो," त्या म्हणाल्या. मुलांनी परतीच्या वाटेवर एकदाही "अजून किती लांब?" असे विचारले नाही.

आमच्या भगिनींनी सहल आखताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते, म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावकऱ्यांना विचारावे. हरिहरेश्वरच्या खडकांवर तर मुलांना एकटे सोडूच नये. जेवण घरगुती खानावळीत आधी सांगून ठेवले, तर तांदळाची भाकरी आणि ताजी मासळी मिळते. ओळखीचे कोकणी मुस्लिम घर असेल तर सांदणही. नमाजच्या वेळा पाहूनच फेरीबोटीची वेळ ठरवावी, म्हणजे चुकामूक होत नाही.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना मागे ठेवू नये. त्यांच्या पावलांनी चालले, की ठिकाणे कमी होतात. पण पाहिलेले सारे मनात राहते.