चहावर ठरलं, घरी कळलंच नाही

आमच्या टीममध्ये आम्ही नऊ जण. आठवड्यातले तीन दिवस हैदराबादच्या हायटेक सिटीतल्या ऑफिसात जायचं आणि दोन दिवस घरून काम करायचं. मात्र प्रत्येकाचे दिवस वेगळे.

मागच्या वर्षी एका बुधवारी आम्ही चौघं ऑफिसात होतो. जेवणानंतर चहा घेताना ठरलं, की ग्राहकांच्या नोंदींमधली तारीख यापुढे वेगळ्या पद्धतीने साठवायची. पाच मिनिटांत निर्णय झाला आणि सगळे आपापल्या जागेवर गेले. आमची एक सहकारी त्या दिवशी घरून काम करत होती. तिचं बाळ लहान आहे. तिला कुणीतरी सांगितलं असेल, असं चौघांनाही वाटलं. सांगितलं कुणीच नव्हतं.

गुरुवार-शुक्रवार तिने जुन्याच पद्धतीने कोड लिहिला. सोमवारी तो सगळा बदलावा लागला. मीटिंगमध्ये साहेबांनी तिलाच टीमच्या संपर्कात राहायला सांगितलं. ती काही बोलली नाही. मीही गप्प बसलो. चूक आमची आणि बोल तिला. हे मला अजून टोचतं.

अंतर वाढलं की बोलणं कमी होतं, हे काही नवीन नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे थॉमस अ‍ॅलन यांनी इंजिनिअर एकमेकांशी किती बोलतात याचा अभ्यास केला होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७७ साली आलं. टेबलांमधलं अंतर वाढतं तसं बोलणं झपाट्याने घटतं, असं त्यांना दिसलं. ही गोष्ट एकाच इमारतीतली! मग घरी बसलेल्या माणसाचं काय?

उपाय मला आमच्या स्वयंपाकघरात सापडला. आई दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिते. दूध कमी घेतलं, खाडा झाला, की त्या तारखेच्या चौकोनात नोंद. कुणी कुणाला विचारायला नको, महिनाअखेरीला वादही नको. जागा एक आणि ती सगळ्यांना दिसणारी.

टीममध्ये आम्ही तसंच केलं. निर्णयांसाठी एकच सामाईक पान ठेवलं. काय ठरलं, का ठरलं, कुणी करायचं, एवढ्या तीनच ओळी. चहावर ठरलेलं त्याच संध्याकाळी तिथे लिहायचं. पानावर नाही, म्हणजे ठरलंच नाही. चॅटवर फक्त त्या पानाची लिंक टाकायची, नाहीतर महत्त्वाचं ते ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गडप होतं. शिवाय एक जण जरी घरून जोडलेला असला, तरी ऑफिसातल्यांनीही मीटिंगला आपापल्या लॅपटॉपवरून यायचं.

सुरुवातीला लिहायचा कंटाळा यायचा. मग एकदा मीच आजारी पडून चार दिवस रजेवर होतो. परत आल्यावर ते पान वाचलं आणि दहा मिनिटांत कामाला लागलो. कुणाला फोन करावा लागला नाही. त्यातल्या बहुतेक नोंदी त्याच सहकारीने लिहिलेल्या होत्या.

त्या दिवशी तिला ‘सॉरी’ म्हणालो. जरा उशीरच झाला होता.