काजळीनं अडलेल्या पेशी

सकाळी साडेसात. सोलापुरात छातीच्या वॉर्डात राउंड. क्षयाच्या खाटा खिडक्यांकडे, खिडक्या सताड उघड्या. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या सिस्टरसमोर गिळल्या जातात. बाथरूममागे बिड्यांची थोटकं सापडतात, तीही रोजच.

साडेनऊ. ओपीडी. पन्नाशीचे यंत्रमाग कामगार, तीन आठवडे खोकला, वजन उतरलेलं. बिडीचा विषय काढल्यावर म्हणाले, “डॉक्टर, बिडी ओढली की बेडका सुटतो. नाहीतर छातीत अडकून बसतो की.” तपासणीपुरताही बेडका मात्र निघेना. शेजारी बायको बसलेली. त्या घरी बिड्या वळतात, हजारी हिशेबानं. अशा घरात बिडीवर तोंडसुख घेणं मला जमत नाही.

साडेअकरा. त्यांची ब्रॉन्कोस्कोपी. फुप्फुसाच्या एका भागात सलाईन सोडून परत ओढून घेतलं. कधीच न ओढणाऱ्याचं हे पाणी बऱ्यापैकी नितळ येतं. यांचं गढूळ, तपकिरी.

दुपारी एक. जेवणाआधी मायक्रोस्कोप. आज इथेच जास्त वेळ गेला. वायुकोशांत राखण करणाऱ्या भक्षक पेशी स्लाइडभर पसरल्या होत्या. धूम्रपान करणाऱ्यांत त्या कित्येक पट जास्त असतात. बघणाऱ्याला वाटावं, फौज तगडी आहे. पण एकेक पेशी फोकसमध्ये घेतली की आत तपकिरी-काळे कण खच्चून भरलेले दिसतात. पेशी गिळलेलं सगळं लायसोसोम नावाच्या कप्प्यात पचवते; धुरातले हे कण तिथे पचत नाहीत, साचत जातात. आणि भरलेली घंटागाडी जशी पुढच्या गल्लीत जाऊन उपयोग नाही, तशी ही पेशी जंतू असलेल्या जागी धड पोचतच नाही.

तीन वाजता इंटर्नना हेच शिकवलं. 2016 साली ‘सेल’ या नियतकालिकात ललिता रामकृष्णन आणि डब्लिनचे जोसेफ कीन यांच्या गटांनी हे दाखवलं: धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसातल्या पेशी क्षयाच्या जंतूकडे सरकत नव्हत्या. झेब्राफिशमध्ये त्यांनी पुढचंही पाहिलं. मेलेल्या पेशी उचलायला नव्या पेशी पोचल्या नाहीत की क्षयाची गाठ आतून सडते आणि जंतू बाहेर मोकाट वाढतात. डब्लिनच्याच आधीच्या कामात या पेशी धोक्याचे रासायनिक संदेशही कमी सोडताना दिसल्या होत्या. एका मुलीनं विचारलं, “सर, याचा आकड्यांत फरक दिसतो?” दिसतो. 2003 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या तामिळनाडूच्या अभ्यासात धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत क्षयानं होणारे मृत्यू चौपटीहून अधिक होते. ती ते लिहून घेत होती, मला बरं वाटलं.

साडेचार. सकाळच्या पाण्याचा मॉलिक्युलर तपासणीचा रिपोर्ट: क्षय आहे, रिफॅम्पिसिन हे औषध चालेल. निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद, पोषणाच्या महिना हजार रुपयांसाठी बँकखात्याचा तपशील.

सहा. दोघांना पुन्हा बोलावलं आणि स्लाइडचा फोटो मोबाइलवर दाखवला. “मामा, हे काळं तुमच्या पेशींत आहे. बिडी थांबली तर हळूहळू नव्या पेशी येतात, पण ते गोळ्यांनी होत नाही.” ते बराच वेळ बघत राहिले. बायकोनं विचारलं, “आणि मी वळते, ती धूळ?” तंबाखूची धूळ छातीला त्रास देतेच, म्हणून बायकोचाही एक्स-रे लिहिला. बिडी सोडण्याची तारीख सोमवारची ठरली. कार्डावर क्विटलाइनचा नंबर लिहिला, 1800-11-2356, आणि पंधरा दिवसांनी दोघांनीही यायचं.