शंभर वॅटच्या दिव्याचा रोध किती?

दहावीच्या वर्गात आम्ही एकदा नेहमीचेच गणित घातले. पिवळ्या उजेडाच्या जुन्या दिव्यावर '230 व्होल्ट, 100 वॅट' असे छापले आहे. तर त्यातून किती विद्युतधारा वाहील आणि त्याचा रोध किती? मुलांनी ते झटपट सोडवले. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले धारा. म्हणून धारा 100 ÷ 230, म्हणजे सुमारे 0.435 अँपिअर. ओहमच्या नियमाने रोध 230 ÷ 0.435, म्हणजे 529 ओहम.

एक मुलगी म्हणाली, "सर, मोजूनच बघू या की!" दिवा होल्डरमधून काढलेला, आमच्या हातातच होता. त्याला मल्टीमीटर लावला. काटा 40 ओहमच्या आसपास थांबला. मीटर बिघडला आहे, असे वर्गाने एकमताने ठरवले. खरे सांगायचे तर क्षणभर आम्हालाही तसेच वाटले.

मग उलटे गणित केले. रोध 40 ओहम धरला तर धारा 230 ÷ 40, म्हणजे 5.75 अँपिअर, आणि शक्ती 1300 वॅटहून जास्त! दिवा आहे की शेगडी?

मीटर बरोबर होता आणि मुलांचे गणितही. मल्टीमीटरने मोजली ती थंड तार. गणितातली तार पेटलेली. दिव्यातील टंगस्टनची तार सुमारे 2500 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. धातू तापला की त्यातील अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनांच्या वाटेत अडथळे वाढतात आणि रोध वाढतो. इथे तो तेरा पटींनी वाढला.

म्हणजे ती 5.75 अँपिअरची धारा अगदीच काल्पनिक नव्हे. बटण दाबताच पहिल्या क्षणी तितकी धारा वाहू शकते. निमिषार्धात तार तापते आणि धारा उतरते. जुना दिवा बहुधा लावतानाच का जातो, याचे उत्तर यात आहे. झिजून बारीक झालेल्या जागी तो पहिला लोंढा सोसत नाही.

'वाहकाची भौतिक अवस्था कायम असताना' हे शब्द आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि गणित घालताना विसरतो. ओहमला (हाही कोलोनमधला शाळामास्तरच!) 1826 साली प्रयोगात अडचण आली होती ती वेगळी : त्याच्या विद्युतघटांचे विभवांतर टिकत नसे. म्हणून त्याने दोन धातूंच्या जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात व दुसरे बर्फात ठेवून वीज मिळवली. ती इतकी क्षीण होती की तारा तापण्याचा प्रश्नच नव्हता.

वर्गात तुलनेसाठी 1000 वॅटची इस्त्री घ्यावी. गणिताने तिचा रोध 52.9 ओहम येतो. तिच्यातील नायक्रोमचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, त्यामुळे थंड इस्त्रीचे मापनही याच्या जवळ येते. प्लग भिंतीतून काढलेला असावा, इस्त्रीची चकती 'चालू'वर फिरवावी आणि मीटर प्लगच्या दोन बारीक पिनांना लावावा. जाड पीन भूसंपर्काची असते. एलईडी दिव्यावर मात्र हा प्रयोग करू नये. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक मंडल असते, आणि मीटरवर येणाऱ्या आकड्यावरून त्याची शक्ती काढता येत नाही.