घरातील अडगळीची जागा

ट्रस्टच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी शिक्षणाविषयी काही लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले. मास्तराने शिक्षणाविषयीच लिहावे हे रास्त आहे. तथापि आम्ही येथे घरातील अडगळीविषयी लिहिणार आहोत. विषयांतराचा दोष माथी येऊ नये म्हणून आरंभीच एक हकीकत सांगतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या दहावीच्या वर्गातील एक मुलगी गणितात एकाएकी मागे पडू लागली. मुलगी हुशार, शाळेत नियमित येणारी. कारण कळेना, तेव्हा एका संध्याकाळी तलमडुगूतील तिच्या घरी गेलो. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरलेली. भाव चढेपर्यंत माल घरातच ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. दिवाळीपासून पुढे दोन-तीन महिने अर्धे घर कापसाचेच असते. दहावीची परीक्षा मार्चात. म्हणजे अभ्यासाचे नेमके तेच महिने कापूस खाऊन टाकतो. मुलगी त्या ढिगाच्या कडेला बसून, अंगाला सुटलेली खाज सोशीत गणिते सोडवीत होती.

"गुरुजी, वह्या मिळाल्या, पुस्तकं मिळाली," तिची आई म्हणाली, "पर बसाया जागा कुठं हाय?"

वह्या-पुस्तके देणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न सहसा सुचत नाही. आम्ही घर पाहण्याची परवानगी मागितली. माजघराच्या एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीची, शेणाने सारवलेली कणगी उभी होती; आत एक दाणा नव्हता. शेजारच्या आंधाऱ्या खोलीत बैलगाडीचे एक चाक, जू, मोडकी तिफण, बियाण्याच्या रिकाम्या पिशव्या आणि फाटकी ताडपत्री. हातांनी मोजले तर सहा फूट रुंद व आठ फूट लांब जागा निघाली. घर लहान नव्हते. त्यात राहणारे कोण याचा हिशेब जुना होता, इतकेच.

अडगळ म्हणजे काय, याचे आमच्या मते हेच उत्तर आहे. आळशी माणसाच्या घरी अडगळ साचते असे म्हणतात. ते पुरते खरे नाही. आपल्या भागात पूर्वी ज्वारी पिके, वर्षाचे धान्य घरात ठेवावे लागे, म्हणून कणगी, बळद नि पेव. आता शेतात कापूस नि सोयाबीन, पोटाला रेशनचा तांदूळ. ज्वारी गेली, कणगी राहिली. बैल विकले, नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. जू मात्र खुंटीवर आहे. शेती बदलते तेव्हा घराचा नकाशाही बदलायला हवा, पण तो कोणी बदलीत नाही.

जागा अपुरी असताना काय करता येते, याचे उदाहरण मुंबईच्या परळच्या चाळीतले आहे. विद्यार्थी भीमराव आंबेडकर वडिलांसह डबक चाळीतील एका खोलीत राहत. खोलीत भांडीकुंडी, धूर, माणसे. दोघांना एकाच वेळी धड निजता येईना, तेव्हा वडील सुभेदार रामजींनी जागेची नव्हे, वेळेची वाटणी केली. मुलाने लवकर निजावे. वडील पहाटे दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवून आपण निजत. उशाशी जाते नि पायथ्याशी शेळी अशा स्थितीत हा अभ्यास चाले. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे त्यांनीच दादरच्या हिंदू कॉलनीत आपल्या ग्रंथांसाठी राजगृह बांधले. जपानी लोकही परंपरेने एकाच खोलीचे असेच दोन उपयोग करीत आले आहेत. रात्री अंथरूण, सकाळी तेच गुंडाळून भिंतीतल्या कपाटात, की खोली मोकळी. आपल्याकडे गोधड्यांची चळत दिवसभर बाजेवर असते आणि बाज दिवसभर अडलेली असते.

आता भिंतींकडे वळू. जुन्या मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड असत, म्हणून त्यांत कोनाडे काढता येत. आमच्या घरी कोनाड्याला ताक म्हणतात. वर्गात एकदा "ताकात पुस्तके ठेवा" असे तोंडून गेले, तेव्हा मुले किती हसली ते सांगता सोय नाही. त्यांच्या लेखी ताक म्हणजे मठ्ठा! असो. तीन फूट रुंदीचे चार कोनाडे म्हणजे बारा फूट लांबीची फळी झाली, तीही जमिनीची एक वीतसुद्धा न अडविता. बहुतेक घरांत या कोनाड्यांत जुन्या चिमण्या, औषधांच्या रिकाम्या बाटल्या नि लग्नपत्रिका असतात. त्या काढाव्या, आतून चुना द्यावा. पांढऱ्या रंगाने उजेडही वाढतो. मूळचे इंग्रज पण केरळात घरे बांधून नाव मिळविलेले लॉरी बेकर (१९१७–२००७) बसण्याचे ओटे नि फळ्या भिंतीबरोबरच बांधून काढीत; टेबल-खुर्चीचा खर्च वाचे. मात्र नवा कोनाडा काढताना तारतम्य हवे. तुळई जेथे टेकते तेथे आणि भिंतीच्या सांध्यालगत कधीही खोदू नये. हल्लीच्या स्लॅबच्या घरांतील विटांच्या पातळ भिंती तर कोरूच नयेत. तेथे खुंट्यांवर फळी मारावी.

आंधारी खोली वापरात आणायची तर आधी उजेड. कवेलूचे छप्पर असेल तर एक-दोन कवेलू काढून तेथे काचेची बसवितात. दिवसा दिव्याची गरज उरत नाही. लिहिणाऱ्या मुलाला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. डावखुऱ्याला उजवीकडून.

माळ्याविषयी आमचा अनुभव कडू आहे. वडिलांची उर्दू व मराठी पुस्तके आम्ही एका पेटीत घालून माळ्यावर ठेवली आणि बारा वर्षे वर चढलो नाही. उघडली तेव्हा पुठ्ठे जागच्या जागी होते नि आत वाळवीची माती. त्यांतील एका पुस्तकावर वडिलांच्या हातच्या टिपा होत्या. जड सामान माळ्याच्या मधोमध न ठेवता भिंतीकडे ठेवावे, पेटी भिंतीपासून वीतभर दूर व पाट्यावर असावी, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा सर्व खाली काढावे. हे आम्ही आता सांगतो.

काही कोपरे निव्वळ वाया गेलेले नसून घातक असतात, आणि यासाठीच हा लेख लिहावासा वाटला. कापसाच्या गावी फवारणीच्या औषधाची उरलेली बाटली हमखास कोनाड्यात किंवा बाजेखाली सापडते. २०१७ साली पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले; तेच विष आपण तेलाच्या बाटलीशेजारी ठेवतो. त्यास राहत्या घराबाहेर, कुलपाची पेटी हवी. रिकामी बाटली पाण्याला वा तेलाला कदापि वापरू नये.

दुसरे पेव. धान्य श्वास घेते; बंद पेवातला प्राणवायू सरतो आणि कर्बवायू तळाशी साचतो, कारण तो हवेहून जड आहे. दिसत नाही, वासही येत नाही. अशा पेवात उतरलेली माणसे आणि त्यांना काढायला उतरलेली माणसे, दोन्ही गेल्याच्या हकीकती जुन्या लोकांकडून ऐकल्या आहेत. रिकामे पेव वापरण्याचा मोह धरू नये. मुरूम भरून बुजवावे आणि वरची जागा घ्यावी. हाच नियम जिन्याखालच्या जागेला. नव्या घरांत तेथे कपाट करून गॅसचा सिलिंडर कोंडतात. हा गॅसही हवेहून जड. गळला तर खालीच साचतो, आणि एक ठिणगी पुरते. जिन्याखाली चपला, पाण्याची भांडी, फार तर शिवणयंत्र ठेवावे.

त्या मुलीच्या घरी आम्ही पुन्हा एका रविवारी गेलो. चाक, जू व तिफण गोठ्यात गेली, पिशव्या जाळल्या नाहीत, रद्दीत दिल्या. अडले ते कणगीशी. "भरल्या घरातून कणगी काढत नसतेत, गुरुजी," आजी म्हणाल्या. ती कणगी त्यांच्या सासूच्या हातची होती. तिला अडगळ म्हणण्याचा आम्हांस काय अधिकार? बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आजींनीच तोड काढली: कणगी हलायची नाही, पण तिच्यात घरच्या गोधड्या भरायच्या. त्यामुळे बाज मोकळी झाली. बाज आंधाऱ्या खोलीत, वर एक काचेचे कवेलू, आणि बाजेपुढे पाट.

मुलगी परीक्षेला बसली. आता तिच्या धाकट्या भावाने त्या बाजेच्या अर्ध्या भागावर हक्क सांगितला आहे, आणि दिवाळीनंतर कापूस तर पुन्हा येणारच.