पेठेतला फॉरवर्ड

इंदूरहून धारकडे निघालं की वाटेत बेटमा लागतं. होळकरांच्या मुलखातलं हे गाव. होळकरांनी क्रिकेटला आश्रय दिला, कर्नल सी. के. नायडू इंदुरात आले आणि होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याने तसाच हात फुटबॉलच्या पाठीवर ठेवला. आश्रय मिळेल तिथे खेळ रुजतो.

कोल्हापुरात 1940 मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन उभी राहिली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं मुळात तालमींची. कुस्तीच्या लाल मातीतून उठलेल्या याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ शाहू स्टेडियमच्या वाटेला लागते. धक्का खाऊनही चेंडू न सोडणारं पोर तिथे सर्वांचं लाडकं.

याच शहरात 2000 साली अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षाचालक. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि 2017 मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी भारतीय संघात आला. फिफाच्या विश्वचषकात भारत प्रथमच उतरत होता. दिल्लीत अमेरिकेकडून 0-3, कोलंबियाकडून 1-2, घानाकडून 0-4 अशी हार झाली. भारताचा एकमेव गोल जॅक्सन सिंगचा, कॉर्नरवर हेडरने केलेला. जॅक्सन मधल्या फळीतला.

मग अनिकेतसारख्या आघाडीच्या खेळाडूंनी काय केलं? अशा सामन्यांत चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडेच असतो. फॉरवर्डला बचावपटूच्या अंगावर धावून त्याला घाईने चेंडू मारायला लावावं लागतं. एकाला गाठेपर्यंत चेंडू दुसऱ्याकडे जातो, पुन्हा धावायचं. ही धाव गोलफलकावर दिसत नाही, पण मागच्या फळीला श्वास घ्यायला तिनेच उसंत मिळते.

विश्वचषकानंतर दोन महिन्यांच्या आतच, 29 नोव्हेंबर 2017 रोजी, इंडियन अ‍ॅरोज या तरुण खेळाडूंच्या संघाने आय-लीगमध्ये चेन्नई सिटीला 3-0 हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे. पुढे तो जमशेदपूरकडून खेळला. मग हैदराबादकडे गेला आणि 2022 मध्ये इंडियन सुपर लीग जिंकणाऱ्या संघात होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बहारीन दौऱ्यावर त्याने वरिष्ठ भारतीय संघात पदार्पण केलं.

गुणी पोरं गावोगाव असतात. अनिकेतला आधी खेळावर जीव टाकणारं शहर लाभलं, मग सरकारी प्रबोधिनी आणि सतराव्या वर्षानंतर मोठ्यांविरुद्ध खेळवणारा संघ. यातली एक पायरी निखळली की पोरगं घरी परततं. बेटमा असो की बेळगाव, आपल्या गावच्या मैदानावर मुलांची स्पर्धा दरवर्षी भरेल एवढं तरी वाचकहो, आपण करूया.